शेवटचा हात कुठे लावला होतास?



व्यासपीठाशेजारच्या टेबलावरचा संगणक तुम्ही ओळखला असेल. १९८४-८५ मध्ये सरकारच्या 'क्लास' योजनेतून शाळांना मिळालेला हा बीबीसी मायक्रो. मेमरी ३२ के. चपला बाहेर काढून आपण त्याच्या खोलीत जायचो.

भंगारात निघालेला हा संगणक मी घरी नेला. बटण दाबताच धूर! पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या दोन तारांमध्ये असणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गेला होता. या जुन्या कागदी कपॅसिटरांच्या आवरणाला वर्षानुवर्षांनी चिरा पडतात, ओल शिरते आणि ते पेटतात. मी तो बदललाच, शिवाय वय झालं म्हणून बाकीचेही बदलले.

सिरीजमध्ये साठ वॅटचा बल्ब लावून सप्लाय सुरू केला. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे मेन्सच्या बाजूला शॉर्ट नव्हता. पण पाच व्होल्टच्या जागी शून्य, आणि आतून टिक-टिक आवाज. सप्लाय सुरू व्हायला बघत होता आणि पुन्हा बंद पडत होता.

मी जुन्या भागांना दोष दिला. ट्रान्झिस्टर बदलला, डायोड तपासले. आठ दिवस गेले. टिक-टिक चालूच.

तेव्हा प्रयोगशाळेतले आपले सर आठवले. सर्किट चाललं नाही की ते एकच विचारायचे, "शेवटचा हात कुठे लावला होतास?"

प्लग काढला. मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट उरू शकतात, म्हणून तो रेझिस्टरने रिकामा करून मीटरने खात्री केली. मग आउटपुटवरचा लोड काढून पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये मीटर लावला. बीप वाजला. शॉर्ट! भिंग घेऊन पाहिलं, तर मीच बसवलेल्या कपॅसिटरचा डाग शेजारच्या पट्टीला चिकटला होता. चाळीस वर्षांचे भाग निर्दोष होते. चूक माझी होती.

डाग साफ केला. टिक-टिक थांबली, मीटरवर पाच व्होल्ट आले. संगणक जोडला, तेव्हा तीच ओळखीची दोन सुरांची बीप ऐकू आली.

सर, नववीत माझ्या हातून फ्यूज उडाला तेव्हा मी "आधीच खराब होता" असं म्हणालो होतो. तेही खोटं होतं. तुम्हाला बहुधा ते कळलंही होतं. आज सर्वांसमोर कबूल करतो.

आता पहिली कळ तुम्ही दाबा.