आधी वास, मग बटण

गाडी बंद पडली की आपण सगळ्यात आधी काय करतो? पुन्हा किल्ली फिरवतो. सेल्फ घुर्रर्र करतो, इंजिन काही लागत नाही. मग बॉनेट उघडून आत पाहतो. आत काय पाहायचं हे माहीत नसलं तरी पाहतोच! आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, ती मात्र बॉनेटखाली सहसा सापडत नाही. ती असते पाय ठेवतो त्या जागेच्या बाजूच्या पत्र्यामागे, नाहीतर डिकीच्या एखाद्या कोपऱ्यात. काडेपेटीहून जराशी मोठी प्लास्टिकची डबी आणि तिच्या डोक्यावर एक बटण. गाडीला धक्का बसला की पेट्रोल तोडणारा हा स्विच. इंग्रजीत त्याला इनर्शिया स्विच म्हणतात.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्याकडची बरीच माणसं आखातात गेली, तसा मीही गेलो. मस्कतला वादी कबीर भागात गॅरेजांची रांगच आहे. तिथल्या एका गॅरेजात मी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करत असे. गोष्ट 2006 सालची. कामगारांची ने-आण करणारी एक मोठी अमेरिकन पेट्रोल व्हॅन टो करून आमच्याकडे आणली. तिचा ड्रायव्हर गुहागरकडचा एक तरुण मुलगा. म्हणाला, ‘दादा, स्पीडब्रेकरवरून जोरात गेली आणि गपकन बंद पडली. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, पंप जळला, टाकी उतरवावी लागेल.’

टाकी उतरवणं म्हणजे दिवसभराचं काम आणि पंपाचा खर्च वेगळा. मी म्हटलं, आधी ऐकू तरी. अशा गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि तो विजेवर चालतो. किल्ली ‘ऑन’ केली की सेल्फ मारण्याआधी साधारण दोन सेकंद टाकीकडून बारीक गुणगुण ऐकू येते. इथे काहीच आवाज नव्हता. फ्यूज पाहिला, ठीक. रिले टक्‌ करत होता, म्हणजे तोही ठीक. मग पुढच्या प्रवाशाच्या पायाशी बाजूच्या प्लास्टिकमध्ये बोट घातलं, तर बटण वर उडालेलं! खालून गाडी पाहिली, कुठे ओल नव्हती. बटण दाबलं, किल्ली फिरवली, पंप गुणगुणला, गाडी सुरू. पाच मिनिटांचं काम. मालक खूश झाला आणि खरं सांगायचं तर मीही जरा चढलोच.

या डबीत असतं काय? एक निमुळती वाटी, तिच्या तळाशी पोलादी गोळी, आणि ती गोळी धरून ठेवणारं एक चुंबक. रोजच्या खाचखळग्यांत गोळी जागची हलत नाही. जोराची धडक बसली की मात्र ती चुंबकापासून सुटते, वाटीच्या उतारावरून वर चढते आणि वरच्या पट्टीवर आपटते. पट्टी उडाली की पंपाचा सप्लाय तुटतो आणि बटण वर येतं. मेंदू नाही, कॉम्प्युटर नाही, नुसती एक गोळी.

हिची गरज का पडली? जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पंप बहुधा इंजिनच फिरवत असे. इंजिन थांबलं की पंप थांबला. इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि विजेचा पंप नळीतून तीनेक बारच्या दाबानं पेट्रोल ढकलू लागला. इंजिन बंद पडलं तर आतला कॉम्प्युटर पंप थांबवतो. पण धडकेनंतरही इंजिन चालूच राहिलं आणि नळी फुटली असली तर? पेट्रोलची पिचकारी, शेजारी तापलेला सायलेन्सर. म्हणून फोर्ड, फियाट, लँड रोव्हर यांच्या अनेक गाड्यांत ही गोळी बसली.

आता माझी चूक सांगतो. त्यानंतर काही आठवड्यांनी रात्री त्याच मुलाचा फोन आला. सिग्नलला उभा असताना मागून एका गाडीनं ठोकलं होतं. फार नाही, बंपर दबला होता. पण व्हॅन सुरू होत नव्हती आणि आत बारा माणसं होती. मी झोपेतच म्हणालो, ‘अरे, ते बटण आठवतंय ना? दाब आणि निघ.’ त्यानं दाबलं. गाडी लगेच सुरू झाली. मीही पुन्हा आडवा झालो.

दोन मिनिटांत परत फोन. ‘दादा, पेट्रोलचा वास येतोय. खाली ठिबकतंय.’

मी ताडकन उठून बसलो. टाकी मागच्या बाजूलाच होती. धक्क्यानं टाकीवरची नळी निसटली होती आणि मी त्याला पंप सुरू करायला सांगितलं होतं! त्या पोरानं डोकं शांत ठेवलं. किल्ली बंद केली, बाराही जणांना उतरवून लांब नेलं आणि कोणाला विडीकाडी पेटवू दिली नाही. अग्निशमन दलाची गाडी आली, पुढचं त्यांनी पाहिलं. कुणाला ओरखडाही आला नाही. दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा त्यानं तक्रार केली नाही. एवढंच म्हणाला, ‘तुम्ही सांगितलंत म्हणून दाबलं.’ ते वाक्य माझ्या अजून मनात आहे.

पहिल्या वेळी गोळी खड्ड्यानं उडाली होती, दुसऱ्या वेळी तिनं नेमून दिलेलं काम केलं होतं. बटण दोन्ही वेळा सारखंच वर आलेलं. फरक पाहायचा तो गाडीखाली. तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला: वास येतोय का?

म्हणून क्रम लक्षात ठेवा. किल्ली बंद. माणसं खाली आणि रस्त्यापासून लांब. वास घ्या, बॅटरीच्या उजेडात गाडीखाली पाहा. जरा जरी शंका आली तर बटणाला हात लावू नका, 112 ला फोन करा. सगळं कोरडं असेल तरच बटण दाबा. मग किल्ली काही सेकंद नुसती ‘ऑन’ ठेवून बंद करा आणि पुन्हा खाली पाहा. तेव्हाही कोरडं असेल तरच सेल्फ मारा.

बटण दाबूनही गाडी लागत नसेल तर काम मेकॅनिकचं. पण तो काय तपासतोय हे आपल्याला कळलेलं बरं. स्विचला एका बाजूनं वीज येते, दुसऱ्या बाजूनं पंपाकडे जाते. एकानं किल्ली फिरवायची, दुसऱ्यानं मीटर लावायचा, कारण सप्लाय दोनच सेकंद राहतो. येणाऱ्या बाजूलाच वीज नसेल तर दोष मागे, फ्यूज, रिले किंवा वायरिंगमध्ये. येते पण पुढे जात नाही, तर स्विच गेला. बारा व्होल्ट येऊन नऊच पुढे जात असतील तर आतले पॉइंट जळलेत किंवा गंजलेत. अशी गाडी कधी लागते, कधी नाही. पूर्ण वीज पुढे जाते आणि तरी पंप गप्प, तर मग पंपाकडची वायर, अर्थिंग आणि शेवटी पंप. टाकी उतरवायची ती तेव्हा. आणि स्विच वारंवार उडत असेल तर त्याचे स्क्रू पाहा. तो सरळ उभा आणि घट्ट बसलेला हवा.

एक गोष्ट मात्र कधीही करू देऊ नका. दोन वायरी एकमेकींना जोडून स्विच ‘डायरेक्ट’ करणं. मी अशी व्हॅन पाहिली आहे. स्विच जागेवर, बटण जागेवर, आणि मागे वायरी पिळून चिकटपट्टी लावलेली. गाडी मस्त चालत होती. मालकाला पत्ताही नव्हता.

आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. एअरबॅगवाल्या बऱ्याच नव्या गाड्यांत पंप तोडायचं काम एअरबॅगचा कॉम्प्युटरच करतो. तिथे बटण नसतं. पुन्हा सुरू करण्याची रीत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. ते पुस्तक पिशवीतून काढून एकदा वाचाच. आपल्या गाडीत ही डबी आहे का, असल्यास कुठे, हे घरच्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

पण बटण दाखवण्याआधी त्यांना सांगा, खाली वाकून वास घ्यायचा. मी त्या रात्री सांगितलं नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)