पिंपातलं गणित



साताऱ्याहून तासगावला येताना कऱ्हाड लागतं. तिथून जवळच्या काले गावात ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटलांनी, म्हणजे आपल्या अण्णांनी, रयत शिक्षण संस्था सुरू केली. अण्णांचं घराणं तुमच्याच जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची आणि पडेल ते काम स्वतः करायची. मुलांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पैसा नव्हता हे खरंच. पण पैसा असता तरी अण्णांनी मुलांना काम लावलंच असतं, असं मला वाटतं. शिकलेल्या पोराला कष्टाची लाज वाटू नये, हा त्यांचा आग्रह होता. ‘कमवा आणि शिका’ त्यातूनच उभं राहिलं.

हे आज सांगावंसं वाटलं, कारण हल्ली पालक भेटले की एकच बोलतात, “सर, पोराला घरातलं एकही काम लावत नाही. नुसता अभ्यास कर म्हटलंय.” मायेपोटीच बोलतात. पण पहाटे क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. त्या पोराला खेळ नाही, पुरती झोप नाही आणि आपलं घर कशावर चालतं याचा पत्ता नाही.

मी गणिताचा मास्तर, म्हणून घरच्या कामातलं गणिताचंच उदाहरण देतो. तुमच्या बागेत द्राक्षाचे घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या, द्रावणात बुडवतात. १० पीपीएमचं द्रावण म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम जीए. मग २०० लिटरच्या पिंपात २५ पीपीएम करायचं तर किती लागेल? ... बरोबर, ५ ग्रॅम! कोपऱ्यातून आलं उत्तर. समप्रमाणाचं हेच गणित फळ्यावर मांडलं की मुलं अडतात. पिंपापाशी अडत नाहीत, कारण माप चुकलं तर माल बिघडतो हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं. शाळा बुडवून बागेत राबा, असं मी मुळीच म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी तासभर वडिलांबरोबर उभे राहा, विचारा, वहीत लिहा.

शिक्षक मित्रांनो, आपणही वह्यांचे गठ्ठे रोज घरी नेऊ नयेत. संध्याकाळी वाचावं, फिरावं, घरच्यांत बसावं. दमलेला मास्तर मागच्या वर्षीचीच उदाहरणं पुन्हा सांगतो, आणि मुलांना ते लगेच कळतं.

मुख्याध्यापकांना एक विनंती. ऑक्टोबरात छाटण्या सुरू झाल्या की नववीचा गणिताचा एक तास बागेत ठेवा. शेतकऱ्यालाच शिकवू द्या. मला कळवा, मी वही घेऊन मुलांत येऊन बसतो.