कसं सुचलं?

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण. बोलताना घाईत जे निसटलं, ते छापताना थोडं भरून काढलं आहे.)

आदरणीय गुरुजन, आणि टक्कल, चष्मे, सुटलेली पोटं यांच्या पलीकडून एकमेकांना ओळखून काढणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आयोजकांनी मला विषय दिला, 'नवीन कल्पना कशा सुचतात?' मलाच का, असं विचारलं तर म्हणाले, तू पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तुम्हा लोकांचं तेच तर काम. खरं सांगू का, इंजिनिअरिंग करून नोकरीला लागले त्याला चोवीस वर्षं होत आली. त्यातली बहुतेक वर्षं मी दुसऱ्याला सुचलेलं नीट बांधून देण्यात घालवली. गवंडी जसा नकाशा हातात आल्यावर भिंत चढवतो, तसं. त्यात कमीपणा काही नाही, पण आता ती भिंत चढवायला मशीनही मदत करू लागलं आहे. मागच्या वर्षी आमच्या टीममधल्या काही जणांना घरी बसावं लागलं. त्या रात्री मी वही घेतली आणि गेल्या पाच वर्षांत मला स्वतःला काय सुचलं, ते लिहायला बसले. एक ओळ लिहिली. मग लक्षात आलं, ती ओळही माझी नाही. त्याबद्दल आज बोलायचं आहे. त्यासाठीच आले आहे म्हणा ना.

आधी आमच्या ऑफिसातली पद्धत सांगते. नवी कल्पना हवी असली की काचेच्या खोलीत सगळ्यांना बसवतात, रंगीत चिठ्ठ्या वाटतात आणि म्हणतात, मनात येईल ते बोला, कोणी कोणाला हसायचं नाही. ही रीत अॅलेक्स ऑसबर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्यानं लोकप्रिय केली. पण १९५८ साली येल विद्यापीठात काहींनी ती तपासून पाहिली. चौघांना एकत्र बसवलं, आणि दुसरीकडे चौघांना वेगवेगळं, एकेकटं बसवलं. एकेकट्यांच्या कल्पना एकत्र केल्या तेव्हा त्या जास्त भरल्या, आणि चांगल्याही. मला याचं नवल वाटलं नाही. आपल्या वर्गात बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा पहिल्या बाकावरचे आम्ही चारपाच जण हात वर करायचो आणि बाकी सगळे आमच्या उत्तरावर उत्तर ठरवायचे. काचेच्या खोलीतही तेच होतं. मोठा साहेब पहिलं वाक्य बोलला की उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या त्याच वाक्याच्या चुलत बहिणी असतात.

आणि दुसरं म्हणजे, त्या खोलीत समोर काहीच नसतं. पांढरा फळा असतो, बिस्किटं असतात. ज्याच्यासाठी कल्पना काढायची तो माणूस आणि त्याची अडचण मात्र शंभर मैलांवर.

आपल्या मुलखात याच्या अगदी उलट वागणारा एक माणूस होऊन गेला, आणि आपण त्याला फोटोत घालून मोकळे झालो. गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, आपल्या जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. वडील लवकर गेले म्हणून वाढले आजोळी, मामाकडे, अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. गुरं राखली, शेती केली. शाळा नाही. १९०५ साली घर सोडलं. देह ठेवला १९५६ च्या २० डिसेंबरला, अमरावतीला येताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी. हे सगळं आपल्याला पाठ आहे, निबंधात दहादा लिहिलं आहे. पण त्यांच्या कामाचा क्रम मी कधी नीट पाहिला नव्हता. गावात शिरले की आधी झाडू. दिवसभर गाव झाडायचं. कीर्तन संध्याकाळी. आणि कीर्तनात पोथी उघडायची नाही, समोरच्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत.

आता विचार करा. जो माणूस दिवसभर गाव झाडतो, त्याला त्या गावातलं काय दिसत नाही? कोणाच्या दारात दारूच्या बाटल्या आहेत, कोणाच्या घरी कर्ज काढून तेरवीचं जेवण घातलं गेलं, कोणती विहीर कोणाला बंद आहे. रात्रीचा प्रश्न दुपारच्या कचऱ्यात सापडलेला असायचा. आमच्या धंद्यात याला मोठमोठी नावं आहेत, लोक त्याचे कोर्स घेतात आणि हजारो रुपये फी लावतात. पंढरपूरला वारकरी उघड्यावर झोपतात हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. मुंबईत दवाखान्याबाहेर पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर पडतात हेही. बाबांनी त्यांच्यासाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. धर्मशाळा ही काही नवी वस्तू नव्हती. ती कुठे हवी, कोणाला हवी, हे मात्र त्या लोकांत राहिल्याशिवाय कोणाला सुचलं नसतं.

माझी गोष्टही मूर्तिजापूर तालुक्यातलीच आहे.

आपल्या वर्गात तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक मुलगी बसायची. मूर्तिजापूरकडच्या खेड्यातली, इथे मामाकडे राहून शिकायची. (सभागृहात मी तिचं नाव घेतलं. छापताना तिनंच काढायला लावलं. "नाव छापलं तं लोकं डाळ फुकट मांगतीन," म्हणे.) गॅदरिंगला पडदा अडकला तेव्हा सायकलच्या चेनचा तुकडा लावून तो चालवून दाखवणारी तीच. दहावीला मला शहाऐंशी टक्के पडले, तिला एकाहत्तर. मी अकरावीला गेले आणि तिचं लग्न झालं. त्या काळी आपल्यापैकी कोणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही, मलाही नाही.

आज ती गावात मिनी दालमिल चालवते. ही मिल अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली, खेड्यात लहान धंदा व्हावा म्हणून. ज्यांनी जात्यावर डाळ भरडलेली आई पाहिली आहे त्यांना काम माहीत आहे. तूर चाळायची, मशीनमधून एकदा काढून सालीला ओरखडे पाडायचे, तेल चोळून ठेवायची, पाणी लावून उन्हात वाळवायची आणि मग पुन्हा मशीनमध्ये टाकायची, तेव्हा टरफल सुटतं आणि दाणा फुटतो. डाळ गिऱ्हाईकाला, चुनी गुरांना. यात दिवस जातात. आणि गिऱ्हाईक आपली घरची तूर घेऊन आलेलं असतं, वर्षाच्या डाळीसाठी. त्याला भीती एकच, माझ्याच तुरीची डाळ मला मिळेल ना? अंगणात बारा जणांची तूर वाळत पडलेली असते आणि तुरीच्या अंगावर नाव नसतं.

तीन वर्षांपूर्वी तिनं मला फोनवर ही अडचण सांगितली. मी खूश. म्हटलं, माझ्याच विषयातली आहे. पुण्यात बसून दोन रविवारात अॅप तयार केलं. प्रत्येक पोत्याला क्यूआर कोडचं स्टिकर, फोननं स्कॅन करा, नाव, वजन, तारीख सगळं समोर. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "अव, थ्या कागदाले तेल लागलं का थो बोलतच नाही." तेल, मग पाणी, मग एप्रिलचं ऊन. स्टिकर तिथे टिकणार तरी कसं? हाताला तेल म्हणून फोनची स्क्रीन चालेना. आणि पावती फोनवर आली म्हणून म्हाताऱ्या बाया नातवाला शोधत फिरायच्या. मी तिला प्लास्टिकचं स्टिकर सुचवलं. ती हो म्हणाली. मैत्रीखातर, हे मला नंतर कळलं.

पुढच्या मार्चमध्ये मी तिच्याकडे दोन दिवस राहिले, तर प्रत्येक पोत्याच्या तोंडाला रंगीत चिंधी बांधलेली. वाळत घातलेल्या तुरीच्या प्रत्येक वाफ्यात एक खुंटी, तिला तीच चिंधी. आणि तिच्याच दुसऱ्या अर्ध्या भागाला गाठ मारून तो गिऱ्हाईकाच्या हातात दिलेला. डाळ न्यायला या, अर्धी चिंधी दाखवा, दोन्ही कडा जुळल्या की पोतं तुमचं. तेलानं, पाण्यानं, उन्हानं तिला काही होत नाही. वाचता यावं लागत नाही. चार्जिंग लागत नाही.

मी विचारलं, हे कसं सुचलं? ती म्हणाली, "माह्या मामाचं शिलाईचं दुकान नव्हतं का?" ती मामाच्या मशीनशेजारी बसून अभ्यास करायची. मामा बिलाला कापडाचा तुकडा टाचून द्यायचा, सगळेच शिंपी देतात. पण जूनमध्ये ती युक्ती फसायची, कारण जूनमध्ये दुकानात सगळं कापड एकच, शाळेचं निळं. आठवतं का, सातवीत मला दुसऱ्याच कोणाचा तरी स्कर्ट आला होता, घोट्यापर्यंत? त्या दिवशी मामाला माझ्या आईनं ऐकवलं, आणि ही शेजारी बसून ऐकत होती. म्हणजे तुकडा रंगावरून ओळखून भागत नाही, हे तिला बाराव्या वर्षीच कळलं होतं. ओळखायची ती कड. त्यातही तिचं एक बारीक शहाणपण आहे. चिंधी फाडायची नाही, कारण कापड सुताच्या रेषेत सरळ फाटतं आणि सगळ्या कडा सारख्या दिसतात. कात्रीनं वेडीवाकडी कापायची, दर वेळी वेगळी.

इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात शेकडो वर्षं असाच हिशेब चालायचा. काठीवर खाचा पाडून काठी उभी चिरायची, अर्धी याच्याकडे, अर्धी त्याच्याकडे. १८३४ साली त्या जुन्या काठ्या जाळायला घेतल्या आणि लंडनच्या संसदेची इमारतच पेटली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्याकडे मामाचं दुकान होतं आणि समोर बारा जणांची तूर होती. दोन्ही ठिकाणी ती पुष्कळ बसलेली होती. मी एकाही ठिकाणी बसले नव्हते, म्हणून मला स्टिकर सुचलं. जवळ जे आहे तेच सुचतं माणसाला.

आता ती ओळ.

त्यानंतर चार महिन्यांनी ऑफिसात एक प्रश्न आला. गोदामात नेटवर्क नसताना माल योग्य माणसालाच दिला, हे कसं पडताळायचं? काचेची खोली, चिठ्ठ्या. मी म्हटलं, खूण दोन भागांत करू, अर्धी मालावर, अर्धी माणसाकडे, जुळली तरच माल सुटेल. सगळे गप्प झाले. मग टाळ्या. वर्षाच्या शेवटी मला त्याचं बक्षीस मिळालं. स्टेजवर कोणीतरी विचारलं, कसं सुचलं? मी म्हणाले, असंच, चहा पिताना.

का म्हणाले, ते मी स्वतःला खूपदा विचारलं. गावातल्या दालमिलमधून आणलं म्हटलं असतं तर कल्पना लहान दिसली असती, असं वाटलं असावं. किंवा मी लहान दिसले असते. पहिल्या बाकावरून हात वर करायची सवय सुटली नाही, एवढंच.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तुम्हाला माहीत असतील. तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ साली धानाच्या शेतात त्यांना तीन वेगळ्या, पिवळसर ओंब्या दिसल्या. त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडल्या, आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. नाव पडलं तेव्हाच्या गाजलेल्या घड्याळावरून, एका व्यापाऱ्यानं दिलेलं. पुरस्कार मिळाले, पण तांदूळ देशभर पसरला त्या मानानं हातात फार थोडं आलं. २०१८ साली ते गेले. त्यांच्यावरचा लेख वाचताना मी हळहळले होते. फोनवर तिलाही वाचून दाखवला होता. बक्षीस मिळायच्या आधीच.

बक्षिसाचं मीच तिला सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मंग माहं नाव काहून नाही सांगतलं?" मग दोन महिने तिचा फोन नाही. ज्या रात्री ती वही काढली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला लिहून कळवलं की ही कल्पना कोणाची आहे. उत्तर दोन ओळींचं आलं, नोंद घेतली आहे. बक्षिसाची रक्कम तिला पाठवली तर तिनं परत केली आणि म्हणाली, "पैसे नको. जिथं आपल्याले ओळखतात थ्या लोकाईत सांग." म्हणून आज.

तिची सध्याची अडचण सांगते आणि बसते. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी येतो, गारा येतात. अंगणात बारा वाफे पसरलेले, हातात दहा मिनिटं, माणसं तीन. ताडपत्री टाकली तर खालून पाणी शिरतं, गोळा करायला गेलं तर वाफे मिसळतात. या खोलीत मंडप-डेकोरेशनवाला आहे, एसटीतला मेकॅनिक आहे, संत्र्याची बाग असलेले तिघे आहेत. मला यातलं काही सुचलेलं नाही आणि या वेळी पुण्यात बसून सुचवणारही नाही. मघाशी मंडपवाला तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला होता आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागे रेघोट्या मारत होता, एवढं मी पाहिलं.

जेवणात रोडगे आहेत. वरणाची डाळ तिच्या मिलची आहे. पोत्याची अर्धी चिंधी आचाऱ्याकडे आहे, पाहायची असेल त्यानं मागून घ्या. पण परत द्या, पोतं अजून अर्धं उरलं आहे.