थकल्या पायांची सहल

मुंबईच्या उपनगरांत सुटीच्या सहलीचा बेत निघाला, कीं मुलांच्या तोंडीं बहुधा गोराईचें नांव येतें. बोरिवलीच्या पश्चिमेस, खाडीपलीकडे, 1989 सालीं एस्सेलवर्ल्ड हें क्रीडोद्यान सुरू झालें. 1998 सालीं त्याच्या शेजारीं वॉटर किंगडम हें जलोद्यान आलें. पाळण्यांचें तें जुनें उद्यान पुढें बंद झालें. जलोद्यानाची ओढ मात्र टिकून आहे. बेत पक्का होऊं लागला, कीं गुडघ्यांनीं अधू झालेली आजी हळूच म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतें."

या वाक्याचा अर्थ पुष्कळ घरीं चुकीचा लावला जातो. आजीला जावयाचें नसतें असें नाहीं; आपल्यापायीं इतरांचा खोळंबा होईल, ही भीति त्यामागें असते. येथें आग्रहाचा उपयोग थोडा, तयारीचा अधिक.

तयारीचा आरंभ वाटेपासून होतो. खाडी ओलांडण्यास होड्या आहेत. परंतु दिवसांतून दोनदां येणाऱ्या भरतीओहोटीबरोबर होडीही वरखालीं होते, आणि होडी व धक्का यांमधील अंतर तासातासाला बदलतें. धडधाकट माणूस जें एका ढांगेंत ओलांडतो, तें काठी टेकणाऱ्यास दरीसारखें भासतें. म्हणून कोणत्या वेळीं चढणें सोपें, हें आधीं विचारून घ्यावें. नाहींतर भाईंदर व उत्तन यांवरून रस्त्यानें गोराईस जावें. ती वाट लांबची खरी, पण होडींत चढण्याचा प्रश्न तिच्यांत नाहीं.

दुसरा प्रश्न शौचालयाचा. तेथें पायऱ्या किती, चाकांची खुर्ची दारांतून आंत जाते कीं नाहीं, हें दूरध्वनीवर आधींच विचारावें. शौचालय गैरसोयीचें आहे असें कळलें, कीं कित्येक वृद्ध दिवसभर पाणी पिणेंच टाळतात. उन्हांत तें धोक्याचें ठरतें. जलोद्यानांतील ओल्या फरशीसाठीं काठीचें रबरी टोक झिजलेलें नाहीं ना, हेंही पाहावें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोठें बसावयाचें आणि कोठें नुसतें पाहावयाचें, हें आजीनेंच ठरवावें. तिला विचारल्यावांचून कोणीं खुर्ची हलवूं नये. खेळ चालविणाऱ्यानें सुरक्षिततेसाठीं नकार दिला, तर तो अपमान नव्हे. पण तिच्या वतीनें घरच्यांनींच नकार देऊन मोकळें होणें हा मात्र अन्याय होय. काठावर बसून पावलांवर लाट घेणें हाही खेळच आहे.

हें सारें कुटुंबाच्या प्रेमावरच सोडून चालणार नाहीं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानें सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येंत करमणुकीच्या खाजगी इमारतीही घेतल्या आहेत. सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक न राहतां बंधनकारक व्हावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें 8 नोव्हेंबर 2024 रोजीं दिला. उपाय अवघड नाहींत. 1 फूट उंचीस 12 फूट लांबीचा उतार, हें साधें प्रमाण ठरलेलेंच आहे. तो उतार बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईच्याही कामीं येतो.

अशीं उद्यानें होऊं शकतात, याचें उदाहरण अमेरिकेंत आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथें गॉर्डन हार्टमन यांनीं आपल्या कन्येवरून प्रेरणा घेऊन 2010 सालीं 'मॉर्गन्स वंडरलँड' उघडलें. तेथील फिरत्या चक्रावर चाकांच्या खुर्चीसह बसतां येतें. 2017 सालीं शेजारींच जलोद्यान झालें. विजेच्या खुर्चीस पाणी चालत नाहीं, म्हणून तेथें दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या ठेवल्या.

गोराई असो वा सॅन अँटोनियो, गुडघे थकले म्हणून कुतूहल थकत नाहीं. घरानें थोडें आधीं विचारावें, उद्यानानें थोडा उतार बांधावा. मग नातवंडांच्या हंशांत आजीचाही हंसा मिसळेल, आणि घर सांभाळण्याचें काम त्या दिवसापुरतें कुलुपाकडे सोंपवितां येईल.