खरजेची लाज कशाला?



विषय आंघोळीचा म्हणून काहींना हसू येईल. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्या तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांनाच अस्वच्छ म्हणून हिणवले गेले. तो घाव अजून आत आहे. म्हणूनच अंगाला खाज सुटली की आपला माणूस ती आधी लपवतो. आम्हाला बोलायचे आहे ते या लपवण्याविषयी.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पूतिगत्त तिस्स या भिक्खूची कथा आहे. त्याच्या अंगभर फोड आले, ते फुटले, चीवर पुवाने भरले. सोबतचे भिक्खू त्याला टाकून गेले. भगवान बुद्धांनी स्वतः विस्तव पेटवून पाणी तापवले, त्याचे चीवर धुऊन वाळवायला लावले आणि त्याला कोमट पाण्याने आंघोळ घातली. मंत्र नाही, गंडादोरा नाही.

आता खरजेकडे येऊ. डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुटकुळ्या येतात, रात्री खाज वाढते. रोज आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते. एका अंथरुणात झोपणाऱ्या भावंडांत, वसतिगृहात ती पसरते. पहिल्या लागणीत खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणजे ज्याला खाज नाही त्याच्याकडेही ती असू शकते. एकट्या मुलाला मलम लावून काय उपयोग? डॉक्टरांनी दिलेले परमेथ्रिन मलम घरातल्या सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे, सकाळी आंघोळ करावी आणि आठवड्याने पुन्हा तसेच करावे. तान्ह्या बाळासाठी व गरोदर बाईसाठी आधी डॉक्टरांना विचारावे. चादरी-कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकावेत. गोधडी धुणे जमले नाही तर प्लास्टिकच्या पिशवीत चार-पाच दिवस घट्ट बांधून ठेवावी. अंगाबाहेर हा किडा सहसा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही.

गजकर्णाची गोष्ट वेगळी. ती बुरशी. आपल्याकडचा पावसाळा कसा असतो, हे २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस पाहिलेल्या चामटोलीकरांना सांगायला नको. ओलसर चड्डी-बनियन तसेच घालू नयेत. आंघोळीनंतर जांघा, काखा कोरड्या पुसाव्यात, टॉवेल ज्याचा त्याने वापरावा. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असते. खाज चार दिवस थांबते, बुरशी मात्र फोफावते. २०१८ मध्ये सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, तरी मागणारे आणि देणारे दोघेही आहेतच.

आणि कपड्याच्या साबणाने मुलांची अंगे खरवडणाऱ्या माताभगिनींनो, त्याने रंग उजळत नाही, कातडी फाटते! रंगात कमीपणा तरी कसला?

खरजेच्या उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. घाबरून रोज मलम थापू नये. त्यापुढेही राहिली तर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे, आणि जाताना घरातल्या सगळ्यांना सोबत न्यावे.

जयभीम!