दाराच्या पोटातली ढोलकी

आज मी कवितेविषयी बोलणार नाही. बोलणार आहे मोटारीच्या दारातल्या स्पीकरविषयी. हा कवीचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. मी बी. ए. झालेला माणूस, विज्ञानाशी संबंध दहावीलाच सुटला. पण घरातल्या एका अडचणीमुळे या वाटेला लागलो आणि जे शिकलो ते आपल्या कानांवर घालावंसं वाटलं.

अडचण वडिलांची होती. अब्बा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. मागाचं शेड ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, तिथे माणसं ओठ वाचून बोलतात. कानात बोळे घालायची पद्धत तेव्हा नव्हती आणि ते कुणी दिलेही नाहीत. पुढे कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला. खालच्या स्वरांकडे रेषा बऱ्यापैकी वर होती. चार हजार हर्ट्झच्या आसपास ती खड्ड्यात उतरली होती आणि पुन्हा नीट वर आलीच नव्हती. गोंगाटाने जाणारं ऐकू येणं आधी असंच वरच्या पट्टीत जातं. 'स', 'त', 'फ' यांसारखे वर्ण त्याच पट्टीवर उभे असतात. त्यामुळे माणसाला आवाज कळतो, शब्द कळत नाही. डॉक्टर म्हणाले, "खालचे स्वर मात्र त्यांना अजून चांगले ऐकू येतात."

अब्बांना शाहिरीचं आणि ढोलकीचं वेड. शाहीर अमर शेख आमच्याच जिल्ह्यातले, १९१६ साली बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा आवाज मैदानं भरून टाकायचा. अब्बांनी तो पोरवयात ऐकलेला. एरवी कमी बोलणारा हा माणूस त्या आवाजाविषयी बोलायला लागला की थांबत नसे. पण अलीकडे त्यांनी गाणं लाव म्हणणंच सोडलं होतं. गाडीत मी काही लावलं की ते खिडकीबाहेर पाहत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "इसमें ढोलकी कहाँ है?"

मी नीट कान दिला. खरंच, ढोलकीची चाट ऐकू येत होती, घुमारा नव्हता. टिक-टिक होती, धूम नव्हती. आणि अब्बांना ऐकू येण्याजोगं नेमकं तेवढंच तर उरलं होतं!

मी आधी केली ती चूक सगळेच करतात. बाजारात गेलो आणि महागडे स्पीकर बसवून आलो. आवाज मोठा झाला, वरचे स्वर चकचकीत झाले, ढोलकी होती तिथेच राहिली. मग 'बास'चं बटण वाढवलं. आता दार खडखडायला लागलं.

उत्तर मिळालं ते तबला-ढोलकी मढवणाऱ्या एका कारागिराकडे. मी गाऱ्हाणं सांगितलं, तसे ते उठून गाडीपाशी आले, दारावर बोटांनी टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "कविराज, हा तर पत्र्याचा डबा आहे. डग्ग्याच्या भांड्याला भोकं पाडली तर तो घुमेल का? तुम्ही पुडी बदललीत, भांडं बघितलंच नाही."

डग्ग्याचं आणि स्पीकरचं शास्त्र तंतोतंत एक नाही. पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकाच वेळी दोन आवाज निघतात, एकमेकांच्या उलट. वरच्या स्वरांत हे खपून जातं, कारण तीन हजार हर्ट्झची लहर जेमतेम अकरा सेंटिमीटरची असते. शंभर हर्ट्झची लहर मात्र जवळपास साडेतीन मीटर लांब. मागून पुढे यायला तिला वाट मिळाली, की मागचा आवाज पुढच्याला भेटतो आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. ढोलकीची धूम, डग्ग्याचा घुमारा, पुरुषी आवाजातला भरदारपणा हे सगळं साधारण ऐंशी ते तीनशे हर्ट्झच्या घरात राहतं. तेच नेमकं मरतं.

आता गाडीचं दार पाहा. बाहेर रंगवलेला पत्रा, आत दुसरा पत्रा, त्यावर प्लॅस्टिकचं आच्छादन. आतल्या पत्र्याला काच वर-खाली करणाऱ्या यंत्रासाठी मोठमोठी भोकं असतात आणि त्यांवर बहुधा एक पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो पाणी अडवतो, आवाज अडवत नाही.

मग मी, माझा मुलगा आणि गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा गल्लीतला एक पोरगा, असे तिघे रविवारी कामाला बसलो. क्रम सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होईल.

पहिलं काम फुकटचं. दोन्ही दारांच्या तारा सरळ जोडल्यात का ते पाहणं. एका दाराचे अधिक-उणे उलटे झाले असतील, तर एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि खर्ज हवेतच विरतो. परीक्षा सोपी आहे. आवाज एकाच बाजूला वळवून ऐका. दोन्ही स्पीकर चालू असताना खर्ज कमी आणि एकच चालू असताना जास्त वाटला, तर तारा उलट्या आहेत असं समजा. खात्रीसाठी स्पीकर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. अधिकाला अधिक जुळलं की पडदा बाहेर येतो. आमच्या डाव्या दाराच्या तारा उलट्या निघाल्या! बाजारातून नवे स्पीकर बसवून घेतले तेव्हाच हे झालं असावं.

दुसरं, स्पीकरखालचं कडं. प्लॅस्टिकच्या कड्याऐवजी जाड प्लायवूडचं कडं कापून घेतलं, पाण्याने फुगू नये म्हणून त्याला दोन हात रंग दिला आणि पत्र्यावर घट्ट आवळलं. कडं आणि पत्रा, कडं आणि स्पीकर यांच्यामध्ये फोमची पट्टी लावली, म्हणजे फट राहत नाही. कडं कापण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरच्या चुंबकाला किती जागा उरते ते मोजा. नाहीतर काच चुंबकावर आपटेल.

तिसरं, भोकं बुजवणं. मोठ्या भोकांवर अॅल्युमिनियमचा पत्रा कापून स्क्रूने बसवला आणि कडा बंद केल्या. कायमचं चिकटवू नका. काचेचं यंत्र उद्या बिघडलं तर आत हात जायला हवा. दाराच्या तळाशी बारीक छिद्रं असतात, ती मात्र अजिबात बुजवायची नाहीत. काचेच्या कडेने आत शिरलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं. आणखी एक सावधगिरी. काही नव्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दारातल्या हवेच्या दाबावर चालतो. अशा गाडीच्या दाराला जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नये.

चौथं, पत्र्याची थरथर. पंढरपूरला कीर्तन ऐकलेल्यांनी पाहिलं असेल, पखवाजी वाजवण्याआधी डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापतो. त्या वजनाने नाद खाली उतरतो, भरतो. पत्र्यालाही असंच काहीतरी थापावं लागतं. त्यासाठी ब्यूटिल रबराच्या चिकट पट्ट्या मिळतात, वरून अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेल्या. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. बाहेरच्या पत्र्याचा पाव ते तिसरा हिस्सा पुरतो. पण पत्रा स्पिरिटने पुसून, रुळाने दाबून चिकटवावं लागतं. स्वस्त म्हणून डांबराचे तुकडे घेऊ नका. सोलापूरचा मे महिना, दुपारी उन्हात उभी गाडी. ते डांबर वितळून दारातून ओघळेल.

शेवटचं काम बटणांचं. ऐंशी हर्ट्झच्या खालचे स्वर दारातल्या स्पीकरला द्यायचेच नाहीत. साडेसहा इंचाचा पडदा ते ओझं पेलत नाही आणि पेलायच्या धडपडीत जे जमतं तेही बिघडवतो. माणसाचंही असंच असतं, पण ते जाऊ द्या.

मी सांगतोय ते मोठ्या आवाजाचं कौतुक नाही, हे स्पष्ट करायला हवं. मिरवणुकीतल्या ज्या भिंती छातीत धडकी भरवतात, त्या आणि मागाचं शेड यांत कानाच्या दृष्टीने फरक नाही. आज त्यांच्यापुढे नाचणाऱ्या पोरांच्या आलेखात उद्या तोच खड्डा पडेल. आम्ही दार बंद केलं, पट्ट्या लावल्या, त्याचा खरा फायदा हा की आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवूनही ढोलकी ऐकू येऊ लागली. रस्त्याची घरघरही थोडी कमी झाली. ती घरघर खर्जातच असते आणि ढोलकीला झाकून टाकते.

पुढच्या रविवारी आम्ही बार्शीला निघालो. अब्बा पुढच्या सीटवर, डावा हात दारावर टेकलेला. एक जुनी लावणी लावली. पहिला तोडा आला आणि त्यांनी हात उचलला, दाराकडे पाहिलं, पुन्हा ठेवला. वैरागपर्यंत काही बोलले नाहीत. बोट मात्र गुडघ्यावर चालू होतं, समेवर बरोबर पडत होतं. मग म्हणाले, "अब आयी ढोलकी. कौन बजा रहा है?"

मी वादकाचं नाव सांगितलं. त्यांना ते ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं, तरी नाही. तिसऱ्यांदा गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि त्यांच्याकडे तोंड करून सावकाश सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं आणि मान हलवली.

जे मागाने नेलं, ते कुठल्याही स्पीकरने परत येणार नाही. गाण्याचे शब्द त्यांना आजही कळत नाहीत. पण जे उरलंय तेही आपल्या हयगयीने आपण त्यांच्यापासून दूर ठेवत होतो आणि दोष त्यांच्या कानांना देत होतो. घरोघरी अशी म्हातारी माणसं आहेत. त्यांना काय ऐकू येत नाही याची यादी आपल्याला पाठ असते. काय ऐकू येतं, हे एकदा विचारून पाहावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)