अब्बांचा प्रश्न

सिनेमावर बोला, असं आकाशवाणीच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी 'हो' म्हणालो आणि मग घाबरलो. मी काही समीक्षक नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा, देवळाली कॅम्पात राहणारा एक साधा प्रेक्षक आहे. कॅमेऱ्याचं तंत्र मला कळत नाही. पण २०२२ सालचा एक महिना मनातून जात नाही. त्याविषयी बोलतो.

आमच्या भागाचं आणि सिनेमाचं नातं जुनं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ मध्ये त्यांनी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये नाशिकला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी 'ज्वार भाटा' नावाचा चित्रपट आला. त्यातला नवा नट म्हणजे दिलीपकुमार, मूळचे यूसुफ खान. ते आमच्या देवळालीच्या बार्न्स स्कूलमध्ये शिकले होते. त्यांचे वडील फळांचे व्यापारी. सिनेमा हा शब्द त्यांना चालत नसे. नाव बदलण्यामागे वडिलांच्या माराची भीतीही होती, असं दिलीपसाहेबांनीच सांगून ठेवलंय. त्या वडिलांची आणि आईची कबर इथेच, कॅम्पच्या कब्रस्तानात आहे.

माझे अब्बाही त्याच जातकुळीतले. पेशानं शिंपी. जवानांचे गणवेश शिवायचे, उंचीला कमी-जास्त करून द्यायचे. दुकानात रेडिओ चाले, पण फक्त बातम्यांपुरता. गाणं लागलं की हात लांब करून बटण फिरवायचे. मी मात्र छावणीत जवानांसाठी पडदा लागला की कुंपणापलीकडून, म्हणजे पडद्याच्या उलट्या बाजूनं सिनेमा बघायचो. नावं उलटी दिसायची, आणि सगळे नायक डावखुरे!

ऑक्टोबर १९८२ मध्ये 'शक्ती' लागला. मी चौदा वर्षांचा. शिकवणीला जातो म्हणून निघालो आणि थिएटरात जाऊन बसलो. सिनेमा सुटल्यावर बाहेर येतो तो काय, पानाच्या टपरीजवळ अब्बा उभे! सायकल हातात. मला वाटलं, आता तिथेच धुलाई होणार. पण ते काहीच बोलले नाहीत. सायकल ढकलत पुढे निघाले, मी मागे. घरापर्यंत एक शब्द नाही. मार परवडला असता.

पुढे बरीच वर्षं गेली. एकदा दुकानात काज करता करता, मान वर न करता त्यांनी मला विचारलं, ''त्या पिक्चरमधे शेवटी बाप काय करतो रे?'' कुठला पिक्चर, ते सांगायची गरज नव्हती. मी तेव्हा नवाच कवी, डोक्यात हवा. म्हणालो, ''बघा की कधीतरी.'' ते हसले आणि सुईत दोरा ओवायला लागले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. १९९९ मध्ये ते गेले.

आता तो महिना. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोव्याचा इफ्फी पाहायचा, असं ठरवलं. नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेस थेट मडगावला जाते. पणजीत गळ्यात ओळखपत्र अडकवून कॉलेजच्या पोरांबरोबर रांगेत उभा राहिलो. त्या वर्षी सुवर्णमयूर मिळाला तो 'आय हॅव इलेक्ट्रिक ड्रीम्स' या कोस्टारिकाच्या मुलीनं, व्हॅलेंटिना मोरेलनं केलेल्या चित्रपटाला. सोळा वर्षांची ईव्हा, आणि तिचा बाप. बाप कविता करतो आणि त्याला राग आवरत नाही. मुलीचं त्याच्यावर प्रेमही आहे आणि त्याची भीतीही. कवी म्हणून मला खुर्चीत चुळबुळ झाली. कविता लिहिणारा माणूस घरातही हळवाच असतो, असा आपला एक समज असतो. तो माझ्या बायकामुलांना विचारून पाहावा!

त्याच महोत्सवात सलील कुलकर्णींचा 'एकदा काय झालं' होता. तिथे बाप गोष्टीतून शिकवणारा. आजारपण दाराशी आल्यावर बाप आणि लेक दोघंही गोष्टीचाच आधार घेतात. मला हेवा वाटला. आमच्या घरात माया भरपूर होती, ती बोलून दाखवायची रीत नव्हती. ईदला नवा सदरा अब्बा रात्री जागून शिवायचे आणि सकाळी उशाशी ठेवून नमाजाला निघून जायचे.

डिसेंबरात दिलीपसाहेबांची जन्मशताब्दी आली. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं १० आणि ११ तारखेला अनेक शहरांत त्यांचे चित्रपट पुन्हा पडद्यावर आणले : 'आन', 'देवदास', 'राम और श्याम' आणि 'शक्ती'. नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या माझ्या मुलानं तिकीट काढलं. खरं तर त्यानं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडल्यापासून आमचं बोलणं कामापुरतंच होतं. मी पंचवटी एक्स्प्रेसनं गेलो. चाळीस वर्षांनी 'शक्ती' पाहिला, शेजारी मुलगा.

चौदाव्या वर्षी मी सगळा अमिताभचा होतो. लहानपणी पळवून नेलेला मुलगा फोनवर ऐकतो, की पोलिस अधिकारी बाप त्याच्यासाठी गुन्हेगाराला सोडायला तयार नाही. तो काटा त्याच्या मनातून निघत नाही. या वेळी माझं लक्ष दिलीपसाहेबांवरून हललं नाही. त्या बापानं फोन ठेवल्यावर काय सोसलं, ते मुलाला कधी कळलंच नाही, कारण कोणी सांगितलंच नाही. शेवटी बाप गोळी झाडतो, आणि मुलगा मरायला टेकल्यावरच दोघं एकमेकांवरचं प्रेम बोलून दाखवतात. तोवर उशीर झालेला असतो.

बाहेर आलो. चहा घेताना मुलानं विचारलं, ''अब्बा, तुम्हाला कोणाचं पटलं?'' ''बघ की तुझं तू,'' असं तोंडावर आलं होतं. गिळलं. त्याला टपरीजवळची सायकल सांगितली, काज करतानाचा तो प्रश्न सांगितला. मग म्हणालो, ''तू कॉलेज सोडलंस तेव्हा मी रागावलो नव्हतो, घाबरलो होतो.'' तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ''मीही.''

देवळालीला परतल्यावर शुक्रवारी कब्रस्तानात गेलो. अब्बांच्या कबरीपाशी फातिहा पढलो. आणि 'शक्ती'ची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत, घाई न करता, त्यांना सांगितली.

श्रोतेहो, तुमच्या घरात कोणी असा एखादा साधा प्रश्न विचारला, तर उत्तर देऊन टाका.